इंजिनचं फाउंडेशन गेलं: जुनं टाकायचं की नवीन?

इअरफोन लावून आधीच ऐकला असेल तर हा मजकूर वाचायची गरज नाही, पण मागच्या वेळी बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की "आकडे बोलताना पटकन निघून जातात, लिहून टाक ना भाऊ". म्हणून हा या भागाचा लेखी मजकूर. 'अं', 'म्हणजे कसं' वगैरे काढलंय, एकदोन हिशेब जास्तीचे घातलेत, बाकी बोललो तसंच आहे.

तर आजचा विषय. मी पुण्यात कोड लिहितो, पण उन्हाळ्यात महिनाभर घरून काम करायची परवानगी मिळाली आणि आर्वीला आलो. घरी आमची 2012 ची डिझेल सेडान आहे. कंपनी कोणती ते सांगत नाही, कारण तेरा वर्षं चाललेल्या गाडीचं रबर झिजलं यात कंपनीचा काय दोष? ही गाडी सध्या एकाच कामाला आहे. आजीचं डायलिसिस. आठवड्यातून दोनदा आर्वी ते सावंगी, पन्नासेक किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. जाताना आजी गप्पा मारते. येताना मात्र डोळे मिटून मागच्या सीटवर पडून असते, अंगात काही उरलेलं नसतं.

एक दिवस परत येताना वर्ध्यात आर्वी नाक्यावर गर्दीत गाडी उभी होती. एसी चालू. आजी डोळे न उघडताच म्हणाली, "गाडी काहून अशी थरथरून राह्यली रे? हाडं हालतात माझी." खरं सांगू? मला जाणवतच नव्हतं. रोज बसणाऱ्याला सवय होते. मग मी हात डॅशबोर्डवर ठेवला आणि कळलं, स्टिअरिंग, सीट, आरसा, सगळंच थरथरत होतं. आरशात मागची स्कूटर एकाची दोन दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे नेली. त्यानं बॉनेट उघडलं, गाडी चालू ठेवायला सांगितली, मला ब्रेक गच्च दाबून, हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून क्लच अर्धवट सोडायला लावला. मग रिव्हर्स टाकून तेच. स्वतः बाजूला उभा राहून बघत होता. (बाजूला, समोर नाही! हे घरी करून बघणार असाल तर गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभं राहू नका.) इंजिन एकदा पुढे झोपायचं, एकदा मागे. "पाहा भाऊ, इंजिन कसं नाचून राह्यलं. फाउंडेशन गेलं तुमचं."

फाउंडेशन म्हणजे इंजिन माउंट. आपल्याकडे गॅरेजमध्ये फाउंडेशनच म्हणतात, कोणी माउंटिंग म्हणतं. घराचा पाया जसा, तसा इंजिनचा पाया. फक्त हा पाया रबराचा असतो.

आता हे करतं काय ते थोडं समजून घेऊ, कारण जुनं की नवीन याचं उत्तर त्यातच आहे. पहिलं काम सोपं, इंजिन आणि गिअरबॉक्सचं वजन उचलून धरायचं. दुसरं काम, थरथर बॉडीपर्यंत पोहोचू द्यायची नाही. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेट घेतं. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला 800 फेरे फिरतंय असं धरा. 800 भागिले 60 म्हणजे सेकंदाला 13.3 फेरे, गुणिले दोन, म्हणजे सेकंदाला जवळपास 27 धक्के. तीन सिलिंडरच्या गाडीत हाच आकडा 20 येतो, म्हणून ती गाडी उभी असताना जास्त गुरगुरल्यासारखी वाटते. हे 27 धक्के रबरानं पोटात घालायचे.

तिसरं काम कोणाला माहीत नसतं आणि तेच सगळ्यात जड आहे. इंजिन चाकांना फिरवतं तेव्हा चाकं इंजिनला उलटं फिरवायला बघतात. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत, जिथे इंजिन आडवं बसवलेलं असतं, तिथे हा उलटा पीळ थेट माउंटवर येतो. समजा पहिल्या गिअरमध्ये इंजिन 100 न्यूटन-मीटर टॉर्क देतंय आणि गिअरबॉक्स त्याला एकूण बारा पटीनं वाढवतोय. झाले 1,200. हा पीळ अर्धा मीटर अंतरावरच्या माउंटनं अडवायचा म्हटलं तर 2,400 न्यूटन. म्हणजे अडीचशे किलोच्या आसपास वजन, दर वेळी सिग्नल सुटला की! वजन झेलायला मऊ चालत नाही, थरथर गिळायला कडक चालत नाही. या दोन्हींचा मेळ घालणं हीच माउंट बनवणाऱ्याची खरी मेहनत.

गंमत म्हणजे ही कल्पना बरीच जुनी आहे. 1931 साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीनं प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर तोलून बसवलं आणि 'फ्लोटिंग पॉवर' नावानं त्याची जोरात जाहिरात केली. तरंगतं इंजिन! पुढे फ्रान्सच्या सिट्रोएननंही ती पद्धत परवाना घेऊन वापरली. आज आपल्या गाडीत साधारण तीन माउंट असतात. एक इंजिनच्या बाजूला, एक गिअरबॉक्सच्या बाजूला, आणि खाली एक हाडासारखा दिसणारा दांडा, ज्याला टॉर्क रॉड म्हणतात. इंजिनच्या बाजूचं बऱ्याच गाड्यांत हायड्रॉलिक असतं, म्हणजे रबराच्या आत द्रव भरलेला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बरं, मिस्त्रीनं सांगितलं ते मी लगेच मानलं का? नाही. इंजिनिअर ना आपण. थरथर इतर कारणांनीही होते. इंजेक्टर नीट फवारत नसेल, इंजिनचा आयडल स्पीड पडला असेल, सायलेन्सरचं लटकवायचं रबर तुटून पाइप बॉडीला घासत असेल. मग फाउंडेशन बदलूनही काही फरक पडणार नाही आणि शिव्या मिस्त्रीला. म्हणून मी फोन काढला. 'फायफॉक्स' नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीच्या आखेन विद्यापीठातल्या लोकांनी बनवलेलं. फोनच्या सेन्सरनं थरथर मोजतं आणि कोणत्या वेगाची थरथर किती, याचा आलेख काढून देतं. फोन मागच्या सीटवर सपाट ठेवला, आजी जिथे झोपते तिथे. आलेखात एकच उंच शिखर, 27 च्या जवळ. इंजिनचे धक्के नियमित पडत होते, पण जसेच्या तसे सीटवर पोहोचत होते. एखादा सिलिंडर नीट पेटत नसता तर त्याच्या खालच्या आकड्यांवरही शिखरं दिसली असती. थोडंसं अॅक्सिलरेटर दाबलं की थरथर एकदम कमी व्हायची. मिस्त्री बरोबर होता. माझ्या अर्ध्या तासाच्या उद्योगाकडे बघून तो म्हणाला, "मोबाइलनं सांगतलं का मंग?"

आता पैशाचा प्रश्न. तीन पर्याय समोर आले. नागपूरच्या भंगारातून तिन्ही माउंटचा जुना सेट, 2,200 रुपये. नवीन, कंपनीच्या डब्यातले तिन्ही, 7,400. आणि तिसरा, दुकानदारानं हळू आवाजात सांगितलेला, 'लोकल' नवीन सेट, 2,600. मजुरी वेगळी, 1,200. हे आमच्या गाडीचे भाव आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे असतील.

बाबांचं मत ठाम होतं. "जुनं टाकून दे. दोन वर्षं तं काढते आरामात. तेरा वर्षांच्या गाडीत साडेसात हजार कायले घालतो?" आणि हे चूक नाही. घरात महिन्याचा दवाखान्याचा, औषधांचा, डिझेलचा खर्च चालू असताना पाच हजारांचा फरक हा फरकच असतो.

मी एक्सेल उघडलं (हसू नका). जुनं टाकलं तर मजुरी धरून 3,400. नवीन टाकलं तर 8,600. नवीन किती टिकेल? गाडीतले मूळचे तेरा वर्षं टिकले, पण मी हात आखडून पाचच वर्षं धरली. म्हणजे वर्षाला 1,720. मग जुनं किती टिकलं पाहिजे म्हणजे बरोबरी होईल? 3,400 भागिले 1,720, जवळपास दोन वर्षं. बाबा न मोजता जे म्हणत होते, तेवढीच! म्हणजे हिशेबानं भांडण सुटलंच नाही. जुना सेट दोन वर्षं टिकला तर बाबा बरोबर, वर्षात गेला तर मी. शिवाय मजुरी दोन्हीकडे तेवढीच, हे विसरायचं नाही. जुनं लवकर गेलं तर तेच बोल्ट पुन्हा उघडायचे, तेच पैसे पुन्हा द्यायचे.

मग खरा प्रश्न असा झाला, की त्या भंगारातल्या रबरात आयुष्य किती शिल्लक आहे?

इथे मला वाटतं आपण सगळे एक गडबड करतो. गाडीचा जुना पार्ट म्हटलं की किलोमीटर विचारतो. "किती चाललीय गाडी?" दरवाजा, अल्टरनेटर, गिअरबॉक्स यांच्यासाठी तो प्रश्न ठीक आहे. लोखंड नुसतं पडून राहिलं तर गंज सोडून त्याला फार काही होत नाही. रबराचं तसं नाही. रबर पडून पडूनही म्हातारं होतं. गंधकासोबत तापवून रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात, त्याला व्हल्कनायझेशन म्हणतात, चार्ल्स गुडइअरनं 1839 मध्ये ते शोधलं. पण हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन या साखळ्यांना सतत छळत असतात. काही तुटतात, काही जास्तच बांधल्या जातात. रबर कडक होतं, त्यावर बारीक भेगा पडतात. इंजिन ऑइल लागलं तर उलट फुगतं, मऊ पडतं. आणि उष्णता या सगळ्याला घाई करते. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. आता आपला मे महिना आठवा. पारा 45 च्या पुढे जातो आणि भंगाराच्या ढिगात काळं रबर तापल्या पत्र्यावर दिवसभर पडलेलं असतं.

तुम्हाला फोनच्या भाषेत सांगतो. जुना फोन घेणं वेगळं आणि आपल्या फोनसाठी जुन्या फोनमधून काढलेली बॅटरी घेणं वेगळं. जुना फोन मीही वापरतो. पण पाच वर्षं जुनी बॅटरी, अर्ध्या किमतीत, "चालली तं चालली" या गॅरंटीवर कोण घेईल? माउंट ही गाडीतली बॅटरीसारखी वस्तू आहे. बनल्या दिवसापासून खर्च होत जाते.

आणि वय कळतं कसं? हे मला त्या मिस्त्रीनं नाही, यूट्यूबनंही नाही, कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या एका जुन्या आठवणीनं सांगितलं. साच्यातून काढलेल्या बऱ्याच रबरी आणि प्लास्टिकच्या पार्टवर एक छोटं गोल घड्याळ उमटवलेलं असतं. कडेनं 1 ते 12 आकडे, मध्ये बाण आणि बाणाच्या दोन्ही बाजूंना वर्षाचा आकडा. बाण ज्या आकड्याकडे, तो महिना. भंगारवाल्यानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले होते. झूम करून पाहिलं. वर्ष 13, बाण 4 कडे. एप्रिल 2013.

म्हणजे आम्ही तेरा वर्षांचं रबर काढून बारा वर्षांचं रबर टाकणार होतो! तेही 2,200 रुपये आणि एक दिवस घालवून. बाबांना फोन हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं, काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "मंग तिन्ही नवीन घ्या लागते का?"

हा प्रश्न मी विचारायला हवा होता, त्यांनी विचारला. मी सेट, सेट करत बसलो होतो. मिस्त्रीला म्हटलं, भाऊ, एकेक तपासून सांगा. गाडी उचलली. इंजिनच्या बाजूचं हायड्रॉलिक माउंट फाटलेलं, त्यातला द्रव गळून खाली काळा ओघळ सुकलेला. टॉर्क रॉडचं रबर अर्धं चिरलेलं, टॉमी घालून हलवलं की लटकन हलायचं. पण गिअरबॉक्सच्या बाजूचं? ठीक होतं. रबर शाबूत, भेग नाही, टॉमीनं रेटलं तर दबून परत जागेवर यायचं. "हे राहू द्या काकाजी," मिस्त्री बाबांना म्हणाला, "हे अजून दम धरून आहे." काही मिस्त्री तिन्ही एकदम बदला म्हणतात, आणि तिन्ही थकलेली असतील तर तेच बरोबर, कारण दोन मेलेल्यांचा भार नवीन एकावर येतो. पण चांगलं असलेलं काढून फेकायचं कारण नाही. आमचं बिल असं झालं: इंजिनच्या बाजूचं 3,900, टॉर्क रॉड 1,300, मजुरी थोडी कमी, 1,000. एकूण 6,200.

आता त्या 'लोकल' नवीन सेटबद्दल बोलू, कारण माझ्या मते खरा सापळा तिथे आहे. जुनं की नवीन, जुनं की नवीन करताना आपण धरून चालतो की नवीन म्हणजे चांगलं. मी दुकानात लोकल माउंट हातात घेऊन पाहिलं. दिसायला जुळं भाऊ. पण मूळ माउंटच्या आत द्रव असतो, याच्यात नुसतं ठोकळा रबर. बोल्ट बसतात, इंजिन नाचत नाही, पहिल्या दिवशी "वा, टाइट झालं" वाटतं. पण कडक रबर थरथर गिळत नाही, सरळ बॉडीत सोडतं. आजीची हाडं हलायची ती हललीच असती. हचिन्सन, व्हायब्राकॉस्टिक, सुमितोमो रिको अशा कंपन्या गाडी बनवणाऱ्यांसाठी माउंट बनवतात. त्या तोडीच्या कंपनीचं बाहेरच्या बाजारातलं माउंट कधीकधी कंपनीच्या डब्यापेक्षा स्वस्त मिळतं आणि ते घ्यायला हरकत नाही. पण पार्ट नंबर जुळलाच पाहिजे. आरसीवरचा चासी नंबर दुकानदाराला द्या, त्यावरून नंबर काढा. एकाच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेलचं माउंट वेगळं असू शकतं. आमच्या कोडच्या धंद्यात लायब्ररीचं व्हर्जन चुकलं की रात्र जाते. इथे पैसे जातात.

बसवताना एक गोष्ट स्वतः उभं राहून बघा. इंजिन खालून जॅकनं उचलून धरतात. जॅक आणि ऑइलच्या चेंबरच्या मध्ये लाकडी फळी पाहिजे, नाहीतर चेंबर चेपतं. आणि सगळे बोल्ट आधी हलके लावायचे, इंजिन आपल्या जागी बसू द्यायचं, गाडी थोडी चालू करून बंद करायची, मग शेवटचा आवळा. इंजिन तिरकं असतानाच बोल्ट आवळले तर नवीन रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. मग दोष पार्टला देतात.

"नाहीच बदललं तर काय?" असं एकानं मेसेजमध्ये विचारलंय. इंजिन लगेच रस्त्यावर पडत नाही, घाबरू नका. पण नाचणारं इंजिन आपल्याला जोडलेल्या प्रत्येक गोष्टीला ओढतं. सायलेन्सरचा पाइप तडकतो, रेडिएटरचे पाइप आणि वायरी ताणल्या जातात, ड्राइव्ह शाफ्टच्या जोडांवर ताण येतो. अर्ध्या रस्त्यात, डायलिसिसच्या दिवशी, रेडिएटरचा पाइप सुटलेला मला नको होता. आमच्यापुरता पाच हजारांचा वाद तिथेच संपला.

मग जुनं माउंट कधीच घेऊ नये? तसं नाही. काही माउंटमध्ये ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट वेगळा असतो आणि अपघातात तो तुटतो. नुसता ब्रॅकेट जुना घ्या, खुशाल. गाडी दोनचार महिन्यांत स्क्रॅपला द्यायची असेल, तरी जुनं चालेल. आणि एखादी दोन वर्षांचीच गाडी मागून ठोकलेली भंगारात आली असेल, घड्याळावरचा बाण अलीकडचा असेल, रबर कोरडं आणि भेग नसलेलं असेल, तर मीही घेईन. फक्त बिल मागा. बिल देत नसेल तर तो पार्ट कोणाच्या गाडीतून आला हे कोणालाच माहीत नसतं, आणि चोरीच्या गाडीचा पार्ट तुमच्याकडे निघाला तर समजावत बसावं लागेल.

शेवटी हिंगणघाटच्या एका श्रोत्याचा प्रश्न. त्याच्याकडे आजोबांची जुनी गाडी आहे, जिचं माउंट आता नवीन मिळतच नाही. भंगारातलं मिळतंय, पण ते गाडीइतकंच म्हातारं. आणि एक जण सांगतोय की जुन्या लोखंडी खोबणीत पॉलीयुरेथेन भरून देतो. तर भाऊ, दोन म्हाताऱ्या रबरांपेक्षा भरून घेतलेलं बरं, लोखंड चांगलं असेल तर. पण पॉलीयुरेथेन रबरापेक्षा कडक असतं, शर्यतीच्या गाड्यांत म्हणूनच वापरतात. भरणाऱ्याला मऊ ग्रेड मागा. आणि आधी फक्त टॉर्क रॉडचं भरून बघा, तो वजन उचलत नाही, पीळच अडवतो. थरथर सहन होत असेल तर बाकीची. भरण्याआधी आणि नंतर, गाडी उभी असताना, एसी चालू ठेवून, फायफॉक्सचा आलेख काढ आणि दोन्ही फोटो मला पाठव.

आमचा नंतरचा आलेख सांगायचा राहिला. शिखर तिथेच आहे, 27 ला, कारण इंजिन तेच. उंची मात्र आधीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आली. आजीला आलेख दाखवला तर म्हणाली, मला त्यातलं समजत नाही, पण काल नाक्यावर गाडी उभी होती तेव्हा मला वाटलं तू बंदच केली.